लांबचं मूल घरी आणताना: सोलापुरातल्या नव्या आईबाबांसाठी

सोलापुरात दत्तकाचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी म्हणतंच, "पंढरपूरला जाऊन या की एकदा." त्याला कारण आहे, प्रार्थना समाजाने १८७५ साली पंढरपुरात बालकाश्रम सुरू केला आणि तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात दत्तक म्हटलं की पंढरपूर असं डोक्यात पक्कं बसलंय. पण आता संस्थेत जायचं, मुलं बघायची, आवडलं ते आणायचं हा प्रकार कायद्यानेच बंद आहे. अर्ज ऑनलाइन पोर्टलवर जातो आणि मूल महाराष्ट्रातलंच मिळेल असंही नाही, ओडिशा, झारखंड, बंगाल, कुठलंही असू शकतं. आमची लेक ओडिशाची, तीन वर्षं पूर्ण झाल्यावर आली, मराठीचा एक शब्द येत नव्हता, भाकरी कधी बघितलेली नव्हती. त्यामुळे हे लिहितेय ते मुख्य करून अशा लोकांसाठी ज्यांचं मूल लांबून येणार आहे, थोडं कळत्या वयाचं आहे, आणि ज्यांच्या घरी माणसांची ये-जा भरपूर आहे. काही जण थेट परदेशातून मूल आणता येतं का विचारतात, तर त्यांचं आधी सांगून टाकते.

परदेशातून आणायचं असेल तर

आपण नेहमी उलटंच ऐकतो, इथलं मूल इटलीला गेलं, अमेरिकेला गेलं. पण इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाने दुसऱ्या देशातलं मूल दत्तक घ्यायचं तर त्याचीही तरतूद आपल्या २०२२ च्या दत्तक नियमावलीत आहे. देशादेशांमधल्या दत्तकासाठी १९९३ चा हेग करार आहे, भारत त्यात २००३ मध्ये आला, आणि आपल्याकडून ते काम बघणारी सरकारी यंत्रणा म्हणजे 'कारा', केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरण, दिल्लीला.

पहिलं काम म्हणजे त्या देशाचा कायदा बघणं, आपला नाही. तो देश परदेशी लोकांना मूल देतो का, हेच आधी विचारा, कारण बऱ्याच देशांनी दारं लावून घेतलीत. इथिओपियाने २०१८ मध्ये बंद केलं, चीनने २०२४ मध्ये केलं, जवळच्या रक्ताच्या नात्यातलं मूल सोडून. देत असेल तर तिथली प्रक्रिया तिथल्या नियमाने, आणि इकडे तुमच्या घराचा अभ्यास अहवाल, मुलाचा अहवाल, मुलाची वैद्यकीय तपासणी हे सगळं काराकडे जाऊन त्यांची लेखी मंजुरी. तिकडचा हुकूम हातात आल्यावर इकडे विचारू असं अजिबात करू नका, काराला पहिल्या दिवशीच लिहून विचारा.

मग व्हिसा. मुलाकडे त्या देशाचा पासपोर्ट असतो, म्हणजे तिथल्या भारतीय दूतावासातून एंट्री व्हिसा घ्यावा लागतो, दूतावास कागद तपासून खात्री करतो की दत्तक रीतसर झालंय. व्हिसावर काय अटी लिहिल्यात, मुदत किती, इथे आल्यावर नोंदणी लागते का, हे नीट वाचा. आणि आपण भारतीय म्हणून मूलही आपोआप भारतीय झालं असं धरून चालू नका, अल्पवयीन मुलांच्या नोंदणीबद्दल नागरिकत्व कायदा १९५५ च्या पाचव्या कलमात आहे, त्यासाठी हे काम आधी केलेला वकील गाठा. सोलापुरात नाही सापडला तर पुण्यात बघा, फी जास्त जाईल पण जाऊ दे.

माझं मत विचाराल तर, मूल नात्यातलं असेल किंवा तुम्ही स्वतः त्या देशात बरीच वर्षं काढली असतील तरच या वाटेला जा. नाहीतर आपल्याच देशात मोठ्या वयाची मुलं संस्थांमध्ये थांबलेली आहेत, आणि भाषा-जेवण-अनोळखी घर हे सगळं तिथेही तसंच आहे. खाली घरात रुळण्याबद्दल जे लिहिलंय ते दोन्हीकडे लागू पडतं.

नोंदणी

पोर्टलचं नाव केअरिंग्ज. नोंदणी घरबसल्या स्वतः होते, त्याला एजंट लागत नाही. जमत नसेल तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथे जाऊन बसा, सांगतात. नोंदणीनंतर ३० दिवसांत कागद अपलोड करायचे: पॅन, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, कुटुंबाचा फोटो, लग्नाचं प्रमाणपत्र, तब्येतीचं प्रमाणपत्र.

इथे आपल्याकडे अडतं ते नावात. पॅनवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, लग्नाच्या दाखल्यावर तिसरं, आणि पूर्वभागातल्या तेलुगू आडनावांचं तर विचारूच नका, एकाच घरात दोन भावांची स्पेलिंगं वेगळी. आणि कितीतरी जोडप्यांनी लग्नाची नोंदणीच केलेली नसते, पत्रिका आणि फोटो एवढाच पुरावा. ही दोन कामं नोंदणीच्या आधी उरकून घ्या, नंतर त्या ३० दिवसांत महापालिकेच्या खिडकीवर उभं राहायला लागलं की चिडचिड होते.

पात्रता थोडक्यात: लग्नाला स्थिर अशी दोन वर्षं झालेली पाहिजेत, दोघांची संमती पाहिजे, मूल आणि आईबाबा यांच्यात कमीत कमी २५ वर्षांचं अंतर पाहिजे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवराबायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठसाठी १००, आठच्या पुढे ११०. एकट्या बाईला मुलगा-मुलगी दोन्ही घेता येतं, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. आधीच दोन किंवा जास्त मुलं असतील तर फक्त विशेष गरजा असलेलं किंवा ज्याला घर मिळणं अवघड जातं असं मूल.

मग गृहअभ्यास, म्हणजे सामाजिक कार्यकर्ता घरी येतो. लोक घराला रंग काढतात यासाठी, खरंच, पडदे बदलतात. तो पडदे बघायला येत नाही. तो बघतो की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे माहितीये का, त्यांना चालणारे का, तुम्ही दोघं एकमेकांशी काय बोललाय, पैशाचं गणित काय. सासूबाईंना आदल्या दिवशी सांगितलेलं असेल तर ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. हा अहवाल तीन वर्षं चालतो.

वयाची पसंती भरताना मात्र खरं भरा. सगळ्यांनाच तान्हं, निरोगी बाळ हवं असतं, त्यामुळे त्या रांगेत तीन वर्षांच्या वर थांबावं लागतं. मोठ्या मुलासाठी वाट कमी, पण म्हणून केवळ लवकर मिळतंय या कारणाने मोठं मूल मागू नका, त्याला लागणारा वेळ घरी आल्यावर द्यावा लागतो, आणि तो भरपूर लागतो.

फी नियमावलीत ठरलेली आहे, पावती मिळते. त्याबाहेर कुणी देणगी म्हणून काही मागितलं तर देऊ नका, तक्रार करा.

आणि एक गोष्ट, जी सोलापुरात अजून कानावर येते: अमक्या दवाखान्यात एका मुलीला बाळ झालंय, तिला नको आहे, शंभरच्या स्टॅम्पवर लिहून घेऊ. नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या ८० आणि ८१ कलमात हा गुन्हा आहे, मुलाची खरेदी-विक्री ठरली तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाख दंड. उद्या ते मूल तुमच्याकडून काढून नेलं जाईल ते वेगळंच, आणि त्यात सगळ्यात जास्त हाल त्या लेकराचे. अशी काही खबर असेल तर १०९८ ला फोन करा. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा नात्यातल्या दत्तकासाठी लोक वापरतात, तो विषय वेगळा, त्याची आणि याची सरमिसळ करू नका.

मॅच आलं की

एक दिवस मेसेज येतो आणि पोर्टलवर मुलाचा फोटो, बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल दिसतो. हो म्हणायला ४८ तास असतात. या ४८ तासांत नातेवाइकांना फोटो फॉरवर्ड करू नका, मूल अजून तुमचं झालेलं नाही आणि त्याचा फोटो फिरवणं चूकच आहे. करायचं ते एवढंच की वैद्यकीय अहवाल तुमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा, जमलं तर आधीच एखाद्या डॉक्टरशी बोलून ठेवा की असा अहवाल आला तर रात्री वाचाल का. वजन, उंची, डोक्याचा घेर, बोलणं-चालणं कधी सुरू झालं, हे डॉक्टर बघतील. असे तीनपर्यंत प्रस्ताव येतात, पण तिसरा चांगला येईल म्हणून पहिला सोडणं मला तरी पटत नाही.

हो म्हटल्यावर ठरलेल्या मुदतीत संस्थेत जाऊन मुलाला भेटायचं, मग स्वीकारपत्रावर सही, मग मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी तुमच्याबरोबर घरी येतं. कायदेशीर आदेश नंतर होतो. पूर्वी कोर्टातून व्हायचा, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात, आणि संस्था ज्या जिल्ह्यात आहे तिथले जिल्हाधिकारी, आपले नाही. म्हणजे मूल ओडिशाचं तर फाईल तिकडे. दोन महिन्यांत निकाल द्यायचा असं कायद्यात आहे, कधी लांबतं, शांत राहा, मूल तर तुमच्याच घरात आहे.

आणायला जाताना

ओडिशाला जाणाऱ्यांचं बरं आहे, भुवनेश्वरची कोणार्क एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते. जाताना तिनेच जा, पण येताना विचार करा. एक दिवसाहून जास्त प्रवास, अनोळखी दोन माणसं आणि एक लहान जीव, तेही ज्याने कदाचित ट्रेन कधी बघितलेली नाही. काही मुलं खिडकीला चिकटून मस्त येतात, काही रात्री उठून दार शोधतात. परवडत असेल तर हैदराबादपर्यंत विमान आणि पुढे गाडी हे मला जास्त बरं वाटतं. ट्रेननेच यायचं तर एसीत खालचे बर्थ घ्या आणि बरोबर तिसरं मोठं माणूस नेऊ नका, का ते पुढे येईलच.

संस्थेत मात्र घाई करू नका. तिथली जी मावशी मुलाला रोज जेवू घालते तिच्याशी बोला, मॅडमशी नाही. झोपताना कुठल्या कुशीवर झोपतं, दिवा चालू लागतो का, भात कसा लागतो, पातळ का घट्ट, कशाला घाबरतं, कुत्र्याला, बुवाला, पावसाला. शू लागली की काय म्हणतं. तिथलं एखादं गाणं असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. मुलाच्या अंगावरची किंवा अंथरुणातली एखादी वस्तू मागून घ्या, चादर, टॉवेल, फाटकं का असेना, आणि घरी आल्यावर ती धुऊ नका. सासूबाई धुवायला टाकणार, त्यांना आधीच सांगून ठेवा. चादरीचं गाव आपलं, घरात नव्याकोऱ्या चादरींचा ढीग असतो, पण पहिल्या रात्री त्या वासाच्या जुन्या चादरीचंच काम असतं. मावशींचा, खोलीचा, बागेचा फोटो काढायची परवानगी विचारा. पुढे मुलाला त्याची गोष्ट सांगताना हेच फोटो लागतात, दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत.

पहिले काही महिने, घरात

आता खरा विषय. कागद होतात हो, उशिरा का होईना होतात. अवघड जातं ते घर, आणि आपल्याकडे घर म्हणजे दोन माणसं नसतात.

मूल आल्याचं कळलं की पहिल्याच आठवड्यात अख्खा वाडा, सोसायटी, मामा, आत्या, ऑफिसची मंडळी, सगळे येणार. प्रेमाने येणार, हातात फ्रॉक, खेळणं, पेढे. आणि मूल सगळ्यांकडे जाईल, हसत, मांडीवर बसेल, एखाद्या पाहुण्याबरोबर चपला घालून निघूनही जाईल. सगळे म्हणणार, "बघा, किती लवकर रुळली, कुणाकडेही जाते." इथेच थांबा. संस्थेत वाढलेलं मूल कुणाकडेही जातं कारण त्याला आजवर कुणीच एक माणूस कायमचं मिळालेलं नाही, शिफ्ट बदलली की मावशी बदलली. कुणाकडेही जाणं म्हणजे रुळणं नाही. रुळलं हे कधी समजायचं, तर अनोळखी माणूस आलं की ते तुमच्या मागे लपायला लागेल तेव्हा.

म्हणून पहिले तीन-चार महिने तरी एकच नियम: भरवणं, अंघोळ, झोपवणं, लागलं तर उचलून घेणं, हे फक्त आईने किंवा बाबाने करायचं. आजीने नाही, काकूने नाही, कामवाल्या मावशींनी नाही. आजीने गोष्ट सांगावी, खेळावं, पण भूक लागली की हात आईकडे जायला पाहिजे. हे घरात सांगणं म्हणजे भांडणाला आमंत्रण असतं हे मला माहितीये. सासूबाईंना वाटतं, आपल्याला नातीपासून लांब ठेवताहेत. तर हे मूल यायच्या आधी सांगा, दोघांनी मिळून सांगा, आणि मुलाने आपल्या आईला सांगावं, सुनेने नाही. तरीही ऐकलं नाही तर सामाजिक कार्यकर्त्याला सांगा की पुढच्या भेटीत तुम्हीच समजावा, बाहेरच्या माणसाचं लगेच पटतं.

बारसं, सत्यनारायण, हॉल, जेवणावळ, सगळं पुढे ढकला. गड्ड्याच्या यात्रेला पहिल्या वर्षी नेऊ नका, नंदीध्वज लांबून टीव्हीवर बघा. आणि मिरवणुका, आपल्या गावात वर्षभर चालूच असतात, डॉल्बी लागला की भिंती हलतात, मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर त्या दिवशी सरळ जुळे सोलापुरात नाहीतर गावाकडे कुणाकडे जा. मोठ्या आवाजाला नवं मूल आपल्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने घाबरतं, रडत नाही, गप्प होतं, आणि गप्प मूल म्हणजे शहाणं मूल असं आपण समजतो.

पहिले काही आठवडे सगळं छान जाईल. सांगितलेलं ऐकेल, ताट चाटून-पुसून संपवेल, रडणार नाही. मग एक दिवस अचानक कपडे फेकणं, चावणं, आईला मारणं, रात्री अंथरूण ओलं होणं सुरू होतं आणि लोक म्हणतात लाडावली. लाडावलेली नसते, आता तिला वाटायला लागलेलं असतं की इथे राग केला तरी परत पाठवत नाहीत, आणि ते ती तपासून बघत असते. या काळात "परत सोडून येईन हं" हे वाक्य चेष्टेतही घरात कुणी उच्चारायचं नाही. बुवा येईल, पोलिसकाका नेतील, हेही बंद.

रडण्यातला एक प्रकार असा की काहीच कारण दिसत नाही. बहुतेक संध्याकाळी. तिथली माणसं, तिथली मुलं आठवत असतात, भाषा नसल्यामुळे सांगता येत नाही. टीव्ही लावून, चॉकलेट देऊन गप्प करू नका, जवळ घेऊन बसा, मावशींचे फोटो दाखवा. आमच्याकडे ते रेकॉर्ड केलेलं गाणं याच वेळी लागायचं.

झोप: त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर. झिरोचा बल्ब चालू ठेवा. उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतो, ते पहिल्या वर्षी नको, रात्री उठून मूल कुठे जाईल सांगता येत नाही. दाराची वरची कडी लावत जा.

जेवण

भात द्या. आपल्याला वाटतं आता सोलापूरची झाली म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायला शिकली पाहिजे. शिकते, पण नंतर. ओडिशाकडची मुलं भातावर वाढलेली असतात, डाळीत भाज्या घालून केलेला डालमा, पाण्यातला पखाळ भात, तर आपलं साधं वरण-भात, मऊ, कमी तिखट, इथून सुरू करा. आपलं काळं तिखट आपल्यासाठी ठीक आहे, तिच्या पोटाला नाही. ज्वारी आधी आंबिल करून द्या किंवा भाकरी दुधात कुस्करून, तीही दूध पचतंय का बघून, कारण दुधाची सवय नसेल तर पोट बिघडतं.

काही मुलं खाणं लपवतात. उशीखाली बिस्किट, खिशात पोळीचा तुकडा. रागवू नका, हसूही नका. मुलाचा हात पुरेल अशा ठिकाणी एक डबा ठेवा, शेंगदाण्याची चिक्की, केळं, चुरमुरे, आणि सांगा की हा तुझा, कधीही खा. तो डबा कधीच रिकामा होऊ देऊ नका. लपवणं हळूहळू आपोआप कमी होतं, औषध वगैरे काही लागत नाही.

आणि पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवलेलं असतं, नवीन पोटाला ते उकळूनच द्या, निदान पहिले काही महिने.

डॉक्टर

आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत बालरोगतज्ज्ञांकडे एक निवांत भेट घ्या, गर्दीच्या ओपीडीत नाही. रक्त, हिमोग्लोबिन, जंत, टीबी, कावीळ बी, थायरॉइड, हे डॉक्टर सांगतीलच, पण मूल पश्चिम ओडिशा, छत्तीसगड, झारखंड या भागातलं असेल तर सिकल सेलची तपासणी आठवणीने मागा, तिकडे त्याचं प्रमाण जास्त आहे आणि आपल्याकडे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. कानांची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या, कारण पुढे बोलायला उशीर झाला तर भाषेमुळे का कानामुळे हा प्रश्न तरी उरत नाही. लसीकरणाचं कार्ड अर्धवट असेल तर राहिलेल्या लसी वयाप्रमाणे देतात. उवा, खरूज असू शकते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळ्यांनी एकदम औषध लावायचं. जन्मतारीख बऱ्याचदा अंदाजाने लिहिलेली असते, त्यामुळे वयाप्रमाणे हे यायला पाहिजे ते यायला पाहिजे असा तक्ता घेऊन बसू नका.

भाषा

याची लोकांना फार काळजी असते आणि मला वाटतं ती सगळ्यात कमी करायला पाहिजे. सोलापुरात साखर पेठेत उभं राहिलं तर पाच मिनिटांत मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी सगळं कानावर पडतं, इथे वेगळं बोलणारं मूल कुणाला विचित्र वाटत नाही. काही महिन्यांत समजायला लागतं, बोलणं त्यानंतर. तुम्ही तिच्या भाषेतले दहा-बारा शब्द शिकून जा, पाणी आणि भात तर ओडियातही जवळपास तेच आहेत, पण दुखतंय, भीती वाटते, शू, झोप, ये, थांब, हे शब्द मावशींकडून लिहून आणा. घरात एकच भाषा ठेवा, मराठी तर मराठी. आपल्याकडे हौशी लोक लगेच इंग्लिश सुरू करतात, ॲपल दाखव, नोज दाखव, ते आत्ता नको.

नाव बदलायचं का हा प्रश्न येतो. तीन वर्षांच्या मुलाकडे स्वतःचं म्हणून फक्त नाव असतं, ते ठेवा असं मी म्हणेन. फारच वाटलं तर दुसरं नाव जोडा. गुरुजींनी काढलेलं अक्षर वगैरे घरातल्या पाळण्याच्या नावापुरतं चालेल.

शाळा, नोकरी, लोक

शाळेची घाई करू नका. जूनमध्ये सगळ्यांची मुलं जातात म्हणून आपलं एप्रिलमध्ये आलेलं मूल जूनमध्ये बालवाडीत टाकलं, तर त्याला पुन्हा एक संस्थाच वाटते, बाई, रांग, डबा. एक वर्ष गेलं तरी काही बिघडत नाही. घालाल तेव्हा बाईंना आधी भेटून सांगा, 'माझं कुटुंब', 'माझा जन्म', लहानपणीचे फोटो आणा, असले प्रकल्प असतात, त्याआधी तुम्हाला कळवायला सांगा.

रजेबद्दल: बऱ्याच ठिकाणी रजेचे नियम मुलाच्या वयाशी बांधलेले असतात, मोठं मूल आलं तर कमी मिळते किंवा मिळतच नाही. नोंदणी केली त्याच वर्षी ऑफिसात विचारून ठेवा आणि रजा साठवायला लागा. दुकान, यंत्रमाग, स्वतःचा धंदा असेल तर दोघांनी आळीपाळीने घरी राहायचं कसं हे आधी ठरवा, एकाच माणसावर सगळं टाकलं की ते माणूस तीन महिन्यांत आजारी पडतं.

लोक विचारणार. "कुठनं आणलाव पोरगी?", "खरे आईबाप कोण?", "रंग वेगळाच आहे की", आणि हे सगळं मुलासमोर. प्रत्येकाला उत्तर द्यायची गरज नाही. आम्ही एक वाक्य ठरवलं होतं, "ती आमची आहे, बाकीची गोष्ट तिची आहे, मोठी झाली की तिला विचारा," आणि घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचं. संस्थेत येण्याआधी तिचं काय झालं होतं हे आजी-आजोबांनाही सगळं सांगायची गरज नाही, गल्लीत फिरायला वेळ लागत नाही.

दत्तक हा शब्द मात्र घरात पहिल्या दिवसापासून वापरा, सहज, जेवताना, गोष्ट सांगताना. मोठी झाल्यावर सांगू म्हणणाऱ्या घरांमध्ये मुलाला ते शेजारच्या पोराकडून भांडणात कळतं.

राहिलेले कागद

घरी आल्यानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सामाजिक कार्यकर्ता भेट देतो. ही भेट तपासणी समजू नका, जे जमत नाहीये ते सांगायला हाच हक्काचा माणूस आहे, चहा-पोहे देऊन "सगळं मस्त" म्हणून पाठवू नका. गरज वाटली तर समुपदेशक मागा.

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला की संस्था जन्मदाखल्यासाठी अर्ज करते, त्यावर आईबाप म्हणून तुमचीच नावं येतात. दाखला आला की लगेच स्पेलिंग तपासा, तिथल्या तिथे दुरुस्त होतं, सोलापुरातून ओडिशातल्या ऑफिसात दुरुस्ती करणं म्हणजे वैताग. मग आधार, पाच वर्षांच्या आत असेल तर बोटांचे ठसे लागत नाहीत, पाचव्या वर्षानंतर आणि परत पंधराव्या वर्षानंतर अपडेट करावे लागतात. मग रेशनकार्ड, आरोग्य विमा, बँकेतलं नॉमिनेशन. वारसाहक्काबद्दल घरात कुणी कुजबुजत असेल तर आदेश झाल्या दिवसापासून ती सगळ्या अर्थाने तुमची मुलगी, पोटच्या मुलाइतकाच हक्क, बाल न्याय कायद्यातच आहे.

आदेशाच्या चार-पाच प्रमाणित प्रती एकदमच काढून घ्या, पासपोर्टला लागते, शाळा मागते, विमावाले मागतात. बाल अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, संस्थेतले फोटो, मावशींनी सांगितलेलं तुम्ही लिहून घेतलेलं असेल ते, या सगळ्याची वेगळी फाईल करा. अठरा वर्षांनंतर तिला आपलं मूळ शोधायचं असेल तर ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी तुमच्याबरोबर मिळून. तेव्हा सुरुवात याच फाईलपासून होणार, तर ती कपाटात दागिन्यांच्या कप्प्यात ठेवा, माळ्यावर नाही, आणि मूळ प्रतींना लॅमिनेशन करू नका, त्यावर नंतर शिक्का मारता येत नाही.